मिस्त्री, माल आणि मजुरी

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात गॅरेजवर लेख, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कवितेवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर बेकारीवर लिहावे. क्लच प्लेट आणि ब्रेकचे लायनर यांच्याशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि माझ्यापुरता तरी तो पोटाचा आहे. लालबागच्या आमच्या चाळीतल्या घराचा खर्च, धाकट्या बहिणीची फी आणि माझे येथले शिक्षण एका पांढऱ्या पिकअपच्या चार चाकांवर चालते. वडील ती स्वतः चालवतात. सकाळी दादरच्या बाजाराचा माल, दुपारी लालबागच्या मसाल्याची पोती, लग्नसराईत मंडपाचे सामान आणि भाद्रपदात परळच्या कार्यशाळांतले गणपती, असा तिचा वार्षिक अभ्यासक्रम आहे. ती एक दिवस बंद राहिली की घरातले बोलणे कमी होते.

मात्र घरचे रडगाणे म्हणून मी हे लिहीत नाही. गाडी कोणाकडे टाकावी आणि तिच्यात सामान कोणते घालावे, हा प्रश्न गिरगावपासून परळपर्यंत असंख्य घरांत पडतो. त्याचे उत्तर बहुधा नशिबावर किंवा शेजाऱ्याच्या शिफारशीवर सोडले जाते. माझे मत आधीच सांगून टाकतो. सामानाची निवड आणि मिस्त्रीची निवड हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, आणि त्याची किल्ली मजुरीत आहे. आपण मजुरीसाठी घासाघीस करतो म्हणून मालात नाडले जातो. हे कसे, ते पुढे मांडतो.

आपण मुंबईकर लहान मालगाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो. हे मुळात एका जर्मन कारखान्याचे नाव. फिरोदियांनी १९५८ साली त्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी काढली, तिची तीनचाकी गल्लीबोळांतून धावू लागली आणि नाव मराठीत कायमचे मुक्कामाला आले. कंपनीने २००५ साली आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, तरी आपण टेम्पो म्हणायचे सोडले नाही. त्याच वर्षी टाटांची 'एस' आली आणि 'छोटा हत्ती' या नावाने ओळखली जाऊ लागली. खुद्द मुंबईपुरते बोलायचे तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. आणि महिंद्रांनी माझगावात जीप जोडायला सुरुवात केली. जोडीला गिरण्या होत्याच. गिरणीत विणकर असत तसे फिटर, टर्नर, लोहारही असत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक भोंगा बंद होत गेला आणि या माणसांच्या हातातले कसब उघड्यावर पडले. सांगायचे एवढेच की मोटार आणि मुंबईचा कामगार यांची ओळख कालपरवाची नाही. ही विद्या या शहरात तीन पिढ्या मुरलेली आहे. फक्त तिला आपण विद्या म्हणत नाही.

आता बाजारात जाऊ. ऑपेरा हाऊस, त्रिभुवन रोड, लॅमिंग्टन रोड या पट्ट्यात मोटारीच्या सामानाची दुकाने आहेत. जुना माल हवा असेल तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहे, त्याहून मोठा ढीग पाहायचा तर कुर्ल्याला जावे. नव्या मालाच्या दुकानात काउंटरपाशी उभे राहून गाडीचे नाव आणि सालाचा उच्चार केला की पलीकडून प्रश्न येतो : "ओरिजिनल देऊ, ओ.ई. देऊ, की लोकल देऊ?" बहुतेक गिऱ्हाईक या प्रश्नापाशी गडबडते आणि "चांगले काय ते द्या" म्हणते. तिथेच त्याची निवड संपते आणि दुकानदाराची सुरू होते.

वास्तविक हा प्रश्न अवघड नाही. गाडीची कंपनी आपल्या गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. बेअरिंग एका कारखान्यातून येते, ब्रेकचे सामान दुसऱ्या, विजेचे तिसऱ्या, फिल्टर चौथ्या. कंपनी ते स्वतःच्या खोक्यात घालून विकते, तो झाला 'ओरिजिनल'. तोच कारखाना तशाच प्रकारचा माल स्वतःच्या नावाच्या खोक्यात बाजारात विकतो, तो 'ओ.ई.' म्हणून ओळखला जातो. पुष्कळदा तो स्वस्त पडतो आणि कामात कमी नसतो. तिसरा 'लोकल', म्हणजे एखाद्या लहान कारखान्याने त्या मापाचा बनवलेला भाग. तो बरा असेल किंवा वाईट असेल, पण तो स्वतःचे नाव लावून समोर येतो. चौथा 'ड्युप्लिकेट', म्हणजे दुसऱ्याच्या खोक्याची, छापाची, होलोग्रामची नक्कल करून विकलेला. आणि पाचवा जुना, भंगारात गेलेल्या गाडीचा काढलेला.

आपल्या बोलण्यात लोकल आणि ड्युप्लिकेट हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, हे मला फार अन्यायाचे वाटते. लोकल माल गरीब असू शकतो. ड्युप्लिकेट माल खोटारडा असतो. गरिबीला आणि खोटेपणाला एकच नाव दिले की गरिबाचे नुकसान होते आणि खोटारड्याचे फावते. म्हणून खोके हातात घेतल्यावर नुसते रंगाकडे पाहू नये. पार्ट नंबर, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, किमतीचा छाप आणि तारीख पाहावी; छपाई पुसट किंवा स्पेलिंग चुकलेले असेल तर खोके परत करावे; आणि जुना भाग बरोबर नेऊन नव्याशेजारी ठेवून ताडून पाहावा. वजनातला आणि कडांच्या सफाईतला फरक डोळ्यांना नसला तरी हाताला कळतो.

मग सगळेच ओरिजिनल घ्यावे काय? ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावे. पण ज्याची गाडीच त्याचे दुकान आहे, त्याला कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा हे ठरवावेच लागते. वडिलांच्या वागण्यातून मी याचे तीन नियम काढले आहेत. ते स्वतः यांना नियम म्हणत नाहीत.

पहिला नियम जिवाचा. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, चाकाची बेअरिंगे आणि टायर यांत काटकसर नाही. माल नवा, नावाचा, आणि बिलासह. टायरवर आय.एस.आय.ची खूण असलीच पाहिजे. या भागांतला दोष केवळ मालकाला भोवत नाही. भारतमातापाशी रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीने आपल्या टेम्पोतल्या ब्रेक शूची निवड केलेली नसते. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या बचतीला बचत म्हणता येत नाही.

दुसरा नियम मजुरीचा. जिथे भाग स्वस्त पण तिथपर्यंत पोचणे महाग, तिथेही हलका माल घालू नये. क्लचचे उदाहरण घ्या. क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. एकदा तो उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र पाहून, झिजलेले असेल ते बदलून घ्यावे. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि ते चार महिन्यांत ओरडू लागले, तर तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरतो, तीच मजुरी पुन्हा पडते आणि दोन दिवसांचा धंदा बुडतो तो वेगळाच. आतल्या ऑइल सीलचेही तसेच. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यावर छापलेला आकडा नव्हे, ती बसवण्याचा आणि ती बिघडण्याचा खर्चही त्यात धरावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या वर्गात कळायच्या आधी मला गाडीखाली कळले.

तिसरा नियम मोकळ्या हाताचा. आरसा, मागच्या दिव्याची काच, दरवाजाचे हँडल, बंपर, हौद्याची फळी, मडगार्ड यांसाठी लोकल किंवा जुना माल खुशाल घ्यावा. सेल्फ आणि अल्टरनेटर यांसारख्या वस्तू तर जाणत्या इलेक्ट्रिकवाल्याकडून दुरुस्त होऊन वर्षानुवर्षे चालतात. कार्बन ब्रश झिजले म्हणून अख्खा सेल्फ टाकून देणे ही चैन आहे. जुन्या मालाला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की चालता भाग भंगारात वितळवण्यापेक्षा पुन्हा गाडीत बसवणे यात देशाचे नुकसान नाही.

मात्र हे तिन्ही नियम एका ठिकाणी अडतात. कोणता भाग बिघडला आहे, हेच आपल्याला कळत नसेल तर नियम काय कामाचे? येथे मिस्त्री येतो.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीला तीन आठवडे असताना, आमच्या गाडीचा ब्रेक नरम पडला. करी रोडच्या पुलावरून उतरताना पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. मूर्ती नेण्याच्या तारखा ठरलेल्या, काहींची आगाऊ रक्कम घेतलेली. वडिलांनी गाडी एका मोठ्या, लखलखीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथे एका तरुणाने पाच मिनिटे पेडल दाबून पाहिले आणि कागद हातात दिला : मास्टर सिलेंडर पूर्ण, बूस्टर पूर्ण, पुढचे पॅड, मागचे शू, होज पाइप. आकडा आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाइतका होता. कारण विचारले तर उत्तर मिळाले, "सगळे बदलले की टेन्शन नाही." वडिलांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडी हळूहळू परळच्या एका गल्लीत आणली.

तेथल्या मिस्त्रींनी आधी वडिलांनाच प्रश्न विचारले. पेडल एकदम जाते की दाबून धरल्यावर हळूहळू जाते? दोनदा मारले की कडक होते का? ब्रेक ऑइल मध्ये कधी घातले? मग ऑइलच्या डबीत पाहिले. पातळी खाली गेली होती. "काका, ऑइल कमी झालंय म्हणजे ते कुठंतरी बाहेर जातंय," ते म्हणाले. "मास्टर सिलेंडर आतल्या आत लीक झाला असता तर बहुतेक वेळा डबी भरलेलीच दिसली असती. आधी चाकं खोलू, मग बोलू." मागचे डावे चाक खोलले. व्हील सिलेंडरचे रबर गेले होते आणि ऑइल झिरपून लायनर भिजले होते. त्यांनी दोन्ही मागच्या चाकांना नवे किट घातले, दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, कारण एका बाजूचे बदलून चालत नाही, गाडी एका अंगाला ओढते. बूस्टरला आणि मास्टर सिलेंडरला हात लावला नाही. नळ्यांतली हवा काढली, वडिलांना शेजारी बसवून फेरी मारली आणि जुने सगळे सामान वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या हातात दिले.

बिल झाले त्यात सामानाहून मजुरी थोडी जास्त होती. चाळीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक शेजारी चटकन म्हणाले, "रबराच्या एका वायसरसाठी एवढी मजुरी? लुटले की तुम्हाला!" पहिल्या वर्कशॉपच्या कागदाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. तो आकडा त्यांना मोठा वाटला, पण लूट वाटली नाही, कारण त्यात वस्तू होत्या. वस्तूचे पैसे द्यायला आपली ना नसते. डोक्याचे आणि हाताचे पैसे द्यायचे म्हटले की आपल्याला लुटल्यासारखे वाटते.

या एका वाक्यात सगळा घोटाळा आहे. साधा हिशेब मांडून पाहू. समजा एक मिस्त्री तासभर शोध घेऊन दोनशे रुपयांचा भाग बदलतो आणि गाडी ठीक करतो. गिऱ्हाईक मजुरी तीनशेच्या वर द्यायला तयार नाही. दुसरा मिस्त्री शोध न घेता आठ हजारांचे भाग बदलतो. मजुरी तोही तीनशेच घेतो, वर मोठेपणाने पन्नास सोडतो. पण ज्या दुकानातून माल आला तिथून त्याला दहा टक्के कमिशन सुटले तर त्याच्या खिशात आठशे जास्त गेले. आता सांगा, आपण कोणत्या मिस्त्रीला जगवले? आपणच दर ठरवून दिला की विचार करणाऱ्याला कमी आणि बदलत सुटणाऱ्याला जास्त. मग चांगले मिस्त्री राहिले नाहीत म्हणून नाक्यावर उभे राहून हळहळायचे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे काही सापडेल. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट उरतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांना २००१ साली दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७३ साली मायकल डार्बी आणि एडी कार्नी यांनी दुरुस्तीच्या धंद्याचा विचार केला. काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही त्यांची गरज होती की नव्हती हे गिऱ्हाइकाला कळत नाही. डॉक्टर आणि मोटार-मिस्त्री त्यांतलेच, हा त्यांचा मुद्दा. गाडी चालू झाली म्हणजे बूस्टर बदलणे आवश्यक होते, असे सिद्ध होत नाही. न बदलताही ती चालू झालीच असती. गॅरेजमधल्या अविश्वासाचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा या आंधळ्या व्यवहारात आहे, आणि म्हणून त्यावर उपायही व्यवहारातच शोधला पाहिजे.

तो उपाय असा. मजुरी आणि माल यांचा हिशेब वेगळा करावा. शोध घेण्याची, म्हणजे दोष सांगण्याची मजुरी आधी ठरवावी आणि कोणताही भाग बदलला नाही तरी ती हसतमुखाने द्यावी. माल शक्यतो स्वतः आणावा, मिस्त्रीला बरोबर घेऊन किंवा त्याच्याकडून पार्ट नंबर लिहून घेऊन. असे केले की मिस्त्रीला जास्त माल बदलण्यात फायदा उरत नाही, आणि आपल्याला त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण उरत नाही. मिस्त्रीनेच माल आणायचा असेल तर त्याच्या येण्याजाण्याचे आणि वेळेचे पैसे उघड द्यावेत. लपून मिळणारे दहा रुपये आणि मानाने मिळणारे दहा रुपये यांत आकड्याचा फरक नाही, पण माणसात फरक पडतो.

राहिला प्रश्न चांगला मिस्त्री ओळखण्याचा. पाटी, काचेची केबिन आणि गणवेश यांवरून तो ओळखता येत नाही. तेलकट कपड्यांवरूनही नाही. गरिबीलाच प्रामाणिकपणा समजण्याची चूक आपल्या सिनेमाने पुष्कळ केली आहे. माझ्या मते खुणा वेगळ्या आहेत. तो पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला बोलू देतो. शक्य असेल तर गाडी स्वतः चालवून पाहतो. जुना भाग न मागता परत देतो. बेअरिंग काढायला पुलर वापरतो, घण घेऊन बडवत नाही. पंप-नोझलचे काम, पाट्यांचे काम, लेथचे काम ज्याचे त्याच्याकडे पाठवतो. सगळे मीच करतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. साध्या कागदावर का होईना, काय केले आणि काय घातले ते लिहून देतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे, "हे अजून चालेल, आत्ता बदलू नका," असे म्हणतो. स्वतःचे उत्पन्न कमी करणारे हे वाक्य ज्याच्या तोंडून येते, त्याला मजुरीत कधीही कापू नये.

यावर कोणी म्हणेल, की बाबा रे, तुझा गल्लीतला मिस्त्री जुन्या गाड्यांचा. आता काळ बदलला. हे म्हणणे अर्धे खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस.-६ गाड्या आल्या. त्यांत सेन्सर आहेत, संगणक आहे, धुराच्या नळीत गाळण्या आहेत. कानाने इंजिन ऐकून भागत नाही, स्कॅनर लावावा लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाणे बहुधा शहाणपणाचे ठरते, आणि सी.एन.जी.चे काम अधिकृत माणसाखेरीज कोणाला देऊच नये. त्या सिलेंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते ती टाळू नये. पण स्कॅनर काय सांगतो? अमुक सर्किटमध्ये तक्रार आहे, एवढेच तो सांगतो. दोष सेन्सरचा, त्याच्या वायरीचा, की उंदराने कुरतडलेल्या जोडाचा, हे माणसानेच शोधायचे. कोड वाचून सेन्सर बदलणारा आणि पेडल दाबून बूस्टर बदलणारा यांत मला फरक दिसत नाही. यंत्र नवे झाले तरी विचार करणाऱ्याची गरज तशीच राहिली. उलट गल्लीतल्या मिस्त्रीला ही माहिती आणि हे यंत्र मिळू दिले पाहिजे, हाच खरा मुद्दा आहे.

येथे कायदा आपल्या बाजूला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रींना मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. त्यावर पुढे अपिले झाली, पण प्रश्न एकदाचा वेशीवर टांगला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंना हा कायदा लागू नाही असे सांगून टेम्पोवाल्याला परत पाठवले जाते; पण स्वयंरोजगाराने केवळ स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठी जो वस्तू घेतो आणि वापरतो, तो त्या कायद्यात ग्राहकच आहे. माझे वडील ग्राहक आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो गाडीच्या काचेवर देवाच्या चित्राशेजारी चिकटवून ठेवायला हरकत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन, सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेले भाग निकृष्ट दर्जाचे विकणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली आहे.

कायदा आला तरी हक्क बजावायला कागद लागतो, आणि कागद मागायची आपल्याला लाज वाटते. येथे आपण, म्हणजे शिकलेली मुले, उपयोगी पडू शकतो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी टेम्पो आहे, टॅक्सी आहे, निदान काकांची किंवा मामांची तरी आहे. गाडीची एक वही घालावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणता भाग, कोणत्या नावाचा, किती किमतीचा, कोणी बसवला आणि मजुरी किती, एवढे लिहावे. मी गेली तीन वर्षे ती ठेवतो आहे. या वहीमुळे एकदा वॉरंटीतले बेअरिंग बदलून मिळाले, आणि ताडदेवच्या आर.टी.ओ.त पासिंगला गाडी नेण्यापूर्वी काय पाहायचे हेही त्यातूनच कळते. मराठीतले सात-आठ रकाने आखायला कोणत्याही पदवीची गरज नाही, पण पदवीच्या वर्गात बसणाऱ्याला ते जमू नये ही नामुष्की होईल.

आता शेवटचा आणि माझ्या मनाला सर्वांत लागणारा मुद्दा. परळच्या त्या गल्लीत जिथे आमची गाडी दुरुस्त झाली, तिथे शेजारी उंच इमारतीचे काम चालू आहे. गॅरेज किती दिवस टिकेल, कोणी सांगू शकत नाही. पदपथावर गाड्या खोलणे आणि काळे तेल गटारात सोडणे याचे समर्थन मी करणार नाही. चालणाऱ्यांचाही रस्ता आहे. पण ज्या भागात माल वाहणारी वाहने हवीत, त्या भागात ती दुरुस्त करायला जागा नको, हा न्याय मला समजत नाही. पुनर्विकासाच्या नकाशात मोटारी ठेवायला मजल्यांवर मजले निघतात, त्यांत चार गाळे दुरुस्तीसाठी का निघू नयेत? हे मिस्त्री शहराबाहेर गेले तर जवळपास उरतील ती लखलखीत वर्कशॉपे आणि त्यांचे कागद.

त्याहून वाईट म्हणजे ही विद्या पुढे घेणारे कमी होत आहेत. त्या मिस्त्रींकडे एक मुलगा शिकतो. माझ्याच वयाचा आहे. ब्रेकची हवा काढताना पेडल दाबायला मी आणि खाली पाना धरायला तो, असे आम्ही दोघे होतो. त्याने मला विचारले, "तू काय शिकतोस?" मी सांगितले, "बी.ए." तो म्हणाला, "मी काय शिकत नाय, इथं कामाला हाय." चाकाआड बसून तो जे शिकत होता त्याला तो स्वतःही शिक्षण म्हणायला तयार नव्हता. आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर, ना. म. जोशी मार्गावर, सरकारी आय.टी.आय. आहे. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आय.टी.आय.मध्ये शिकवला जातो. तरी त्याच्यासारख्या अनेकांपर्यंत हे पोचत नाही, आणि आपल्यासारख्यांना तिकडे बघायचे नसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणत विद्यार्थ्याच्या हातात कुदळ दिली. ती गोष्ट आपण भाषण स्पर्धेत टाळ्यांसाठी सांगतो आणि घरी येऊन मिस्त्रीची मजुरी पन्नास रुपयांनी पाडतो.

मित्रहो, आपण येथे कवितेचे रसग्रहण शिकतो. खरे काय आणि नक्कल काय हे ओळखायला शिकतो. तोच विवेक गॅरेजमध्ये लागतो. खोक्यावर भुलू नये, आत काय आहे ते पाहावे. ज्याने विचार केला त्याला त्या विचाराचे मोल द्यावे. यंदा भाद्रपदात आमची गाडी पुन्हा मूर्ती घेऊन लालबागच्या गर्दीतून उतरेल तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसेच माणसे असतील, त्यांत कदाचित तुम्हीही असाल. त्या वेळी पेडल जिथे थांबायला हवे तिथे थांबेल. त्यासाठी परळच्या एका माणसाने दीड तास डोके आणि हात चालवले होते, आणि त्याने मागितली तेवढी मजुरी आम्ही दिली होती.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)